कानात दिलेला शब्द

मी मूळचा बेळगुंदीचा, हे आधी लिहून घ्या, कारण निपाणीतले काही शहाणे मला उपरा म्हणतात आणि उपऱ्याने आमच्या महाराजांविषयी बोलू नये असेही म्हणतात. वडील शेतकरी, पण संध्याकाळी मारुतीच्या देवळात पोथी वाचत. त्या वाचनाची एक रीत होती. पोथी उंच पाटावर, वाचणारा खाली जमिनीवर, एकाने ओवी म्हणायची, दुसऱ्याने अर्थ सांगायचा, आणि पटले नाही तर ऐकणाऱ्या कोणीही त्याला थांबवायचे. सर्वांत जास्त थांबवी ती माझी थोरली बहीण, आक्का. बायकांतून तिचा आवाज येई, व्हय हो, पण हे असं कसं? वडील रागावत नसत. म्हणत, तिला उत्तर द्या, मगच पुढची ओवी.

पुढे मी बेळगावात एका वकिलांचा कारकून झालो आणि उभी हयात कोर्टात घालवली. जबानी कशी फिरते, खोटा साक्षीदार खऱ्यापेक्षा किती गोड बोलतो, हे मला कोणी शिकवायला नको. आक्का निपाणीत दिलेली, तिचे यजमान तंबाखूच्या वखारीत कामाला होते, ते गेले. मग माझीही बायको गेली, तेव्हा आक्का म्हणाली, आप्पा, तिथं एकटा काय करतोस, इकडं ये. मी तिच्याच गल्लीत खोली घेतली आणि देवळात वडिलांच्या रीतीने पोथी लावली. चांगली माणसे जमत.

त्यानंतर ते महाराज आले. त्यांचे नाव मी घेणार नाही, तुम्हीही लिहू नका. पोथीच्या समाप्तीला लोकांनी त्यांना बोलावले. त्यांच्यासाठी गादी घातली ती पाटापेक्षा हातभर उंच, आणि त्यांनी पोथी उचलून आपल्या कोपराखाली लोडासारखी घेतली. मी उभा राहून म्हणालो, महाराज, आधी पोथी वर ठेवा, मग बोला. ते हसले आणि म्हणाले, जिवंत गुरू समोर असताना कागद कशाला? लोकांनी टाळ्या वाजवल्या. काय सांगू तुम्हाला, टाळ्या वाजवणाऱ्यांत आक्काही होती.

त्या दिवसापासून गावात चालू झाले की आप्पांची माणसे तिकडे गेली म्हणून आप्पांच्या पोटात दुखते. साफ खोटे. माणसे गेली हे खरे, दुखले हेही खरे, पण दुखण्याचे कारण ते नव्हे. शास्त्राने गुरूची लक्षणे सांगून ठेवली आहेत, ती काही माझ्या घरची नव्हेत. गुरू स्वतः शास्त्राच्या खाली बसतो. शिष्याच्या प्रश्नाने तो चिडत नाही, उलट शंका विचारल्याशिवाय शिष्याला सोडत नाही. आणि तो माणसाला आपल्या पायाशी बांधून ठेवत नाही, मोकळे करतो. भगवी वस्त्रे हे लक्षण कुठेही सांगितलेले नाही. साधूचा वेश घेऊन पर्णकुटीच्या दारात भिक्षा मागायला कोण उभा होता, हे आपल्याकडच्या पोरालासुद्धा ठाऊक असते.

हे सगळे मी आक्काला सांगितले, एकदा नव्हे, पुष्कळदा. तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, आप्पा, तू माझ्या चुका बघतोस, त्ये माझ्या डोळ्यातलं पाणी बघत्यात.

तिने अनुग्रह घेतला. आमच्या भागात अनुग्रह घेताना एखादी वस्तू कायमची सोडायची पद्धत आहे, कोणी वांगे सोडतो, कोणी चहा सोडतो. पण महाराजांच्या मठात काय सोडायचे ते तेच कानात सांगत, मंत्राबरोबर, आणि मंत्र जसा गुप्त तसे तेही गुप्त. आक्काने त्या दिवसापासून चहा बंद केला. मी समजलो, तिचा मुलगा सुरेश समजला, सूनबाई समजली, की आक्काने चहा सोडला. कोणी विचारले नाही. अनुग्रहातले विचारू नये, हे आमच्या हाडात भिनलेले आहे.

तिला साखरेचा आजार होता. सुईची भीती, म्हणून रोज सकाळी पिशवी घेऊन गल्लीतल्या दवाखान्यात जाऊन इंजेक्शन घेई. अनुग्रहानंतरही ती रोज सकाळी त्याच वेळी बाहेर पडत होती, त्याच पिशवीसकट. ती मठात जात होती. चहा तिने आपल्या मनाने सोडला होता. कानात सोडायला सांगितले होते ते औषध.

हे कळले तेव्हा ती बेळगावच्या इस्पितळात होती. ती बेशुद्ध असताना डॉक्टरांनी औषध चालू केले होते, शुद्धीवर येताच ती हातातली सुई उपटू लागली. मी हात धरला तेव्हा तिने सांगितले. मी म्हणालो, आक्का, मंत्र गुप्त असतो, आचरण गुप्त नसते, आणि देहाचा नाश करणारे व्रत शास्त्राला मान्य नाही. पोथीत अडवणारी माझी बहीण, तिने एकही प्रश्न विचारला नाही. एवढेच म्हणाली, कानात शब्द दिलाय रं आप्पा. त्यांनी सोडवलं तर घेते.

म्हणून मी मठात गेलो. आता ऐका, कारण इथेच सगळे घोटाळा करतात. आप्पा शेवटी शरण गेला म्हणतात. मी महाराजांचे पाय धरले, होय, कपाळ टेकवून धरले, आणि त्यांच्या माणसांनी काढलेला तो फोटो निपाणीभर मोबाईलवर फिरला. पण मी शरण गेलो नाही, मागायला गेलो होतो. म्हणालो, फोनवर एक वाक्य बोला, तिला मोकळी करा. ते शांतपणे म्हणाले, मी असे काही सांगितलेच नाही, ही त्या माउलीची समजूत. मग तेच सांगा, मी म्हणालो. तर म्हणाले, जे दिलेच नाही ते सोडवू कसे? आणि पुढच्या माणसाला बोलावले.

मी आक्काला खरे तेच सांगितले, की ते म्हणतात, असा शब्द मी दिलाच नाही. ती उशीवरून अर्धी उठली. म्हणाली, म्हंजे मी खोटी व्हय? मग तोंड भिंतीकडे केले आणि हात नर्सपुढे लांब केला. घ्या म्हणाली, टोचा. आयुष्यभराचा वाद मी जिंकलो होतो, आणि त्या खोलीत माझ्याइतका हरलेला माणूस नव्हता. तोवर मूत्रपिंडे गेली होती. त्यानंतर तिने मंत्र म्हटला नाही, देवाचे नावही घेतले नाही. चौथ्या दिवशी ती गेली.

सुरेश म्हणतो, औषध नसल्याने आई गेली नाही, मामाने तिची श्रद्धा मोडली म्हणून गेली. सगळ्या खोट्यांना माझ्याजवळ उत्तर आहे. याला देतो, डॉक्टरांचे शब्द सांगतो, शास्त्र सांगतो, पण ते देताना तिचा भिंतीकडे वळलेला चेहरा समोर येतो आणि वाक्य अर्ध्यावर राहते. वर्षश्राद्धाला त्याने मला बोलावले नाही. अजून तो गुरुवारी मठात जातो. आता त्यालाही साखर निघाली आहे असे ऐकतो, आणि माझ्याशी तो बोलत नाही, मग तो औषध घेतो का, हे विचारू कुणाला?

भांडायची हौस माझी फिटली नाही, असे लोक म्हणतात. म्हणोत. पण त्या पोराला वाईट शब्द माझ्याच्याने बोलवत नाही, आक्काचे पोर आहे. देव त्याला खरे सांगणारा कोणी भेटवो, वेळेत भेटवो, आणि त्याची जीभ माझ्यासारखी नसो.