तात्यांची करंटची बॅटरी

चहा र्‍हाऊ दे, आधी ह्ये ऐका. माझा जीव अजून थाऱ्यावर न्हाई. आमचं तात्या, म्हंजी माझं थोरलं चुलतं, फौजेत दारूगोळ्याच्या डेपोत हुतं. उसात बिबट्या दिसल्यापास्नं त्यांच्या हातात सारखी ती झटका द्यायची करंटची बॅटरी. बटण दाबलं की टोकाला निळी ठिणगी तडतडती.

काल दुपारी रानात मी फवारणीच्या पंपात पेट्रोल ओतत हुतो. तात्या वरडलं, "थांब! काडीपेटी दे हिकडं. मोबाईल बंद कर!" समदं काढून घेऊन लांब बांधावर ठिवलं. मी परत ओतायला लागलो. पेट्रोलचा वास लय सुटला हुता. तेवढ्यात एक कुत्रं आलं.

"हाड!" म्हणत तात्यांनी माझ्या शेजारीच बटण दाबलं.

भक्क! पंपाच्या तोंडातनं जाळ उसळला. मी कॅन घिऊन मागं पळालो, तात्या माती टाकत सुटलं. जाळ इजला तवा त्यांची अर्धी मिशी गेली हुती. बॅटरी मातूर मुठीतच.

मी बॅटरीकडं बोट दावत म्हणलं, "आवं तात्या..."

तात्यांनी माझी गचांडी धरली, "दुसरी काडीपेटी कुठं लपवली हुतीस रं?"