नानांचा अर्धा तास

(सेवा मंडळाची शनिवारची सभा. त्यात अर्धा तास नानांच्या विनोदांचा. संध्याकाळचे सहा वाजून गेलेत.)

चष्मेवाले : आले, आले! बाई, तुम्ही अध्यक्ष, तुम्हीच सांगा. वीस मिनिटं उशीर म्हणजे शिक्षा काय? गाणं! नाना, व्हा सुरू.

नाना : थांबा जरा. बायको हरवलीय माझी.

चष्मेवाले : घ्या! दारातूनच षटकार! अहो, आमची हरवत नाही म्हणून तर आम्ही रडतोय.

नाना : चष्मेवाले, खरं सांगतोय.

चष्मेवाले : मागच्या शनिवारी सासूबाई चंद्रावर गेल्या, तेही खरंच सांगत होतात. बघा बाई, मागची रांग खुर्चीतून पडायची बाकी आहे.

बाई : पुरे. शांत बसा सगळे. नाना, इकडे या. पिशवीत काय आहे?

नाना : तिच्या चपला. अनवाणी गेलीय.

बाई : कधी?

नाना : साडेतीनला. बाजार झाला, दवाखाना झाला, बसथांब्यावर चारदा जाऊन आलो. पोलिसांनी फोटो मागितला. फोटोत ती हसतेय. साहेब म्हणाले, अशाच दिसतात का? काय सांगणार? मग पाय इकडे वळले.

चष्मेवाले : अहो, पण वहिनी काय लहान आहेत हरवायला? बसल्या असतील कुणाकडे गप्पा मारत.

नाना : तिला घरचा रस्ता आठवत नाही हो. वर्ष झालं. परवा आरशातल्या बाईला म्हणाली, बसा ना, उभ्या का?

चष्मेवाले : वर्ष? आणि दर शनिवारी तुम्ही इथे आम्हाला हसवून लोळवत होतात?

नाना : शेजारीण बसायची तिच्यापाशी. तेवढेच दोन तास मी माणसात. तुम्हाला सांगितलं असतं, तर कीव करून हसला असतात.

बाई : आज काय झालं?

नाना : दाराची वरची कडी मी रोज घालतो. आज राहिली. आतल्या खोलीत आजचे विनोद लिहीत बसलो होतो. एक झकास जमला. तिला ऐकवावा म्हणून बाहेर आलो, तर दार सताड उघडं.

चष्मेवाले : नाना... माझी जीभ झडो.

नाना : बाई, कालव्याला पाणी सोडलंय. ती तिकडे...

बाई : तिकडचं मी बघते. चाळीस वर्षं शाळेत पोरं हुडकलीत मी. ऐका सगळे! पुढची रांग बसस्थानक, मधली दवाखाने, मागची माझ्याबरोबर कालव्यावर. साडी कुठली नाना?

नाना : साडी... पिवळी. नाही. सकाळी मीच नेसवली आणि आठवत नाही बघा! काय माणूस आहे मी!

बाई : रडायचं तर रडा, पण चालता चालता. चष्मेवाले, यांना स्कूटरवर घ्या. आधी घर बघा, परतल्या असतील तर. तिथून गल्ल्या.

चष्मेवाले : बसा नाना. घट्ट धरा मला.

...

चष्मेवाले : घरी नाहीत, शाळेमागे नाहीत. थोडं पाणी तरी प्या नाना. साडेसात झाले.

नाना : कालव्यावर चला.

चष्मेवाले : बाई आहेत तिथे.

नाना : चला म्हणतो ना! नाहीतर उतरवा मला, मी पळत जातो.

चष्मेवाले : थांबा, फोन. बाईंचाच आहे. हॅलो? काय? मोठ्यानं बोला! नाना, सापडल्या! अहो, सापडल्या! घ्या फोन, तुम्हीच बोला बाईंशी.

नाना : जिवंत?

बाई : जिवंत, जिवंत. पुलापलीकडे पिठाच्या गिरणीच्या ओट्यावर बसल्यात. पायाला खरचटलंय, बाकी ठीक. पण जागच्या हलायला तयार नाहीत. तुम्ही बोला त्यांच्याशी.

वहिनी : हॅलो, कोण बोलतंय?

नाना : मी. मी बोलतोय.

वहिनी : मी म्हणजे कोण? आवाज नाही लक्षात आला.

नाना : तुम्हाला घरी सोडायला येतोय मी. तिथेच बसा हं, उठू नका.

वहिनी : बरं झालं हो. पण जरा लवकर या हं. घरी आमचे हे एकटेच आहेत, घाबरले असतील.