पेटीतल्या पाहुण्याचा चहा

आमच्या चाकणच्या कंपनीत होलोग्रामची पेटी आलीय राव, कपाटाएवढी, काचेची. परवा मशीन बंद पडलं, तर जपानचा साहेब तिकडूनच त्या पेटीत अख्खा उभा राहिला.

तेवढ्यात चहा आला. आमच्या तात्या फोरमननं पहिला कप पेटीसमोर ठेवला.

"तात्या, साहेब जपानात आहेत!" सगळे हसले.

"असू द्या. पाहुण्याआधी आमी पीत न्हाई."

साहेबानं हसण्याचं कारण विचारलं. मी इंग्रजीत सांगितलं. तो तडक निघूनच गेला. पेटी रिकामी.

मॅनेजर तात्यांवर खेकसला, "घालवलात ना त्याला!"

तात्या ओशाळून कप उचलायला वाकले, तोच साहेब परत हजर. हातात वाफाळता कप. म्हणाला, "आधी तुम्ही."

"छ्या, आधी पाहुणं."

मशीन राहिलं बाजूला राव, दोन देशांचा चहा गार झाला!