पुढे दीड दिवस रस्ता नाही

शिवकन्या : दीडची एसटी तुला मिळंल नायतर न्हाई मिळंल. पन मी कंधारहून दोन गाड्या बदलून हदगावला आली, ती तुला स्टँडवर सोडायला न्हाई. पिशव्या ठिव खाली.

तनुजा : ताई, उज्वलाची परीक्षा तोंडावर आली. लातूरला पोरगी मेसचं खाऊन राहिली. तिच्याजवळ खोली घेते, डबा करून देते. शाळेतून रजा मिळालीय मला.

शिवकन्या : पोरीचा डबा हे लोकांना सांगायचं कारन झालं. मी लोक न्हाई, तुही नणंद हाय. माय बोलत न्हाई म्हनून चाललीस तू.

तनुजा : दीड महिना झाला. ताट वाढलं की जेवतात, गोळी दिली की घेतात, पण माझ्याकडं बघत नाहीत. आलेल्या माणसाला मात्र सांगतात, माह्या लेकाला हिनं समुद्राला नेऊन मारलं. काल दूधवाल्याला सांगत होत्या.

शिवकन्या : एकच लेक व्हता तिला. दुखातलं बोलनं हाय, मनावर नको घिऊ.

तनुजा : आणि ते खरं असलं तर?

शिवकन्या : कसं खरं असंल? जायचं कुनाच्या डोक्यात आलं व्हतं, तुह्या का त्याच्या?

तनुजा : यांच्याच. दुकानात मोटारीची वाइंडिंग करता करता मोबाइलवर बघितलं. समुद्राच्या काठाकाठानं पाठीवर सॅक घेऊन चार दिवस चालायचं, कधी न चाललेल्या माणसांसाठी. पुण्याचा ग्रुप होता. मला म्हणाले, बावीस वर्षांत आपण तिरुपती सोडून कुठं गेलोय का? मला वाटलं गंमत करतायत. तर नांदेडहून दोन सॅक घेऊनच आले. वजनाची सवय व्हावी म्हणून त्यात ज्वारी भरून रोज सकाळी रोडनं चालायला लागले. लोक विचारायचे, दयानंदशेठ, ज्वारी कुठं नेऊन राहिले?

शिवकन्या : मंग यात तुही काय गलती?

तनुजा : ती कुणाला सांगितली नाही मी.

शिवकन्या : मला सांग. माय झोपली हाय आत.

तनुजा : पहिला दिवस चांगला गेला. आम्ही आठ जण होतो. वाट दाखवणारी बाई धम्मप्रिया, मूळची उदगीरची. आपल्याकडची निघाली म्हणून हे तिच्याशी घरच्यासारखे बोलायला लागले. तो किनारा आपण फोटोत बघतो तसला नाही, ताई. माणूस नाही, दुकान नाही. एका बाजूला कडा, पायाखाली काळा खडक आणि खाली पाणी आदळतंय. भरती यायच्या आत पुढचं गाव गाठायचं आणि कुणाच्या तरी घरी मुक्काम करायचा. मी भीतीनं खाली बघून चालत होते. हे वर बघून चालायचे. त्या एका दिवसात जेवढं बोलले माझ्याशी, तेवढं सगळ्या संसारात बोलले नसतील. लहानपणीच्या विहिरीच्या गोष्टी, तुम्ही त्यांना पोहायला ढकललं होतं ती पण.

शिवकन्या : ती सांगितली?

तनुजा : सांगितली. दुसऱ्या दिवशी दुपारी मात्र चालता चालता मधेच खाली बसले. वारं सुटलेलं, आम्हाला थंडी वाजत होती आणि यांचा शर्ट घामानं भिजलेला. काय होतंय विचारलं तर म्हणाले गॅस आहे, खोबरं जास्त झालं. पाणी पिऊन उठले. तासाभरानं परत बसले. तेव्हा डावा खांदा चोळत होते. सॅक माझ्याकडं द्या म्हटलं, तर दिली नाही.

शिवकन्या : बाकीच्यांनी बगितलं न्हाई?

तनुजा : आम्ही दोघं मागं होतो. संध्याकाळी गावात पोचल्यावर धम्मप्रियानं सगळ्यांना ओसरीवर बसवलं. म्हणाली, उद्यापासून दीड दिवस रस्ता नाही, फोन लागणार नाही. कुणाला काही त्रास असेल तर आत्ता सांगा. इथून गाडी मिळते, परत जाण्यात कमीपणा मानू नका. एकेकाच्या तोंडाकडं बघून विचारलं तिनं. माझ्याकडं पण बघितलं.

शिवकन्या : मंग?

तनुजा : यांनी माझं मनगट धरलं. कुणाला दिसणार नाही असं. जोरात नव्हतं धरलं, ताई. सोडवून घ्यायचं असतं तर आलं असतं.

शिवकन्या : नवऱ्यानं गप म्हनल्यावर बाई गप ऱ्हाती. माही माय आयुष्यभर तशीच ऱ्हायली. त्याच्यासाठी तू सोताला जाळून घेऊन राहिलीस?

तनुजा : त्यांनी धरलं म्हणून गप्प नाही बसले मी. मलाही जायचं होतं. पुढच्या रात्री गाव नव्हतं, वाळूवर तंबू टाकून राहायचं होतं. सकाळची शाळा, दुपारी कपडे, संध्याकाळी आईंचं पथ्यपाणी, यात मी आजवर एक रात्र पण मोकळ्यावर झोपले नव्हते. ती रात्र हातातून जाईल असं वाटलं मला. म्हणून गॅसच असेल असं मी मनाला समजावलं, आणि त्या बाईला म्हटलं, आम्हाला काही त्रास नाही. माझ्या तोंडानं म्हटलं.

शिवकन्या : तनुजा.

तनुजा : तिसऱ्या दिवशी दुपारी वाळूवरून वर चढायची वाट होती. थोडं बसतो म्हणाले. मी बाटली भरायला झऱ्यावर गेले. वीस पावलं असतील. वर आले तर धम्मप्रिया त्यांच्या छातीवर दाबत होती. पाऊण तास दाबत होती ती, हात थांबवले नाहीत. मग तंबूच्या कापडाची झोळी केली आणि चौघांनी आळीपाळीनं उचलून आणलं. रस्ता लागेपर्यंत दिवस मावळला. मी मागून चालत होते. सारखी तीच ओसरी डोळ्यांपुढं येत होती. तिथून गाडी मिळत होती. आता सांगा, आई खोटं बोलतात का?

शिवकन्या : मला बी एक सांगायचं हाय. ते सांगायलाच आली मी. पन सकाळपासून जीभ उचलंना.

तनुजा : काय?

शिवकन्या : येळवशीच्या सणाला तुम्ही आमच्या रानात जेवायला आला व्हता. तू बायांत आंबील वाढून राहिली व्हतीस. दयानं मला कडब्याच्या कोपीच्या मागं बलावलं आन खिशातून कागद काढला. नांदेडच्या डॉक्टरचा. दिल काम कमी करून राहिलं, नळी घालून तपासायचं हाय, उशीर करू नका, असं सांगितलं व्हतं त्याला. मी म्हनलं, तनुजाला दावला का? तर म्हने, तिला कळलं तर ती मला घराबाहेर पडू देनार न्हाई. एकदा समुद्र बघून येतो, आल्या आल्या दवाखान्यात भरती होतो. कुनाला सांगू नको म्हनून आन घातली मला त्यानं.

तनुजा : तुम्हाला माहीत होतं.

शिवकन्या : हाव.

तनुजा : मला नुसता एक फोन केला असता, ताई. त्या ओसरीवर मी हात सोडवून घेतला असता.

शिवकन्या : हाव. तू बोलली असतीस.

तनुजा : मग का नाही केला?

शिवकन्या : आन घातली व्हती, असं सांगता येईल मला. पन ते न्हाई. बरं वाटलं मला. लगनाआधी त्यो शाळेतून आला की समदं मला सांगायचा. तू आलीस आन ते बंद झालं. तुही गलती न्हाई, असंच होतं. पन इतक्या वर्सांनी काहीतरी मलाच सांगितलं त्यानं, तुला न्हाई. ते माह्याजवळच ठिवावं वाटलं. तेवढ्यासाठी. आन तेराव्याला माय तुला समद्या भावकीत बोलून राहिली, तवा मी तिच्या मांडीला मांडी लावून बसली व्हती. तोंड उघडलं न्हाई.

तनुजा : तुम्ही माझ्या डोक्यावरून हात फिरवला होता त्या दिवशी.

शिवकन्या : फिरवला. म्हनून तर झोप येईना मला.

(आतल्या खोलीच्या दारात सासू, गयाबाई, चौकटीला धरून उभ्या आहेत.)

गयाबाई : बास करा दोघी. ऐकलं मी.

शिवकन्या : माय, तू झोपली व्हतीस ना?

गयाबाई : झोप कुठं हाय मला. डोळे मिटून पडती, तुमाला वाटतं झोपली.

तनुजा : आई, बसा. दारात उभ्या नका राहू.

गयाबाई : दीड महिना तुह्यावर राग धरून बसली, तनुजा. सकाळी उठायचं ते त्याच्या जोरावर. आता कोनावर धरू? हिला ठावं व्हतं, तुला दिसलं व्हतं, आन त्याला सोताला तर समदंच ठावं व्हतं. तरी गेला.

तनुजा : माझ्यावरच धरा. मी तिथं होते.

गयाबाई : न्हाई जमायचं आता. पिशव्या भरल्यास?

तनुजा : हो.

गयाबाई : तर जा. पोरीला एकटं ठिवू नको. मी अडवनार न्हाई. शिवकन्या ऱ्हाईल चार दिस माह्याजवळ. तिच्याशी मला बोलायचं हाय.

शिवकन्या : ऱ्हाते, माय.

गयाबाई : पन जायच्या आधी एक सांग. त्या दिवशी सकाळी त्यानं काय खाल्लं व्हतं?

तनुजा : ज्यांच्याकडं मुक्काम होता त्या बाईंनी तांदळाची घावनं केली होती. तव्यावरची गरम, नारळाच्या चटणीसोबत. तीन खाल्ली. मग चौथं मागून घेतलं.

गयाबाई : मागून घेतलं?

तनुजा : हो. त्या बाई आत गेल्या होत्या, यांनी हाक मारून मागितलं.

गयाबाई : माह्या हातचं कधी मागून खाल्लं न्हाई त्यानं. वाढलं तेवढं खाऊन उठायचा.

तनुजा : त्या दिवशी मागितलं, आई. वर चहा पण घेतला.

गयाबाई : भुकेला न्हाई गेला म्हंजे.