आरतीचं ताट कुणापुढे थांबलं नाही?

मंडळी, ऐका! आणि मागचे ते फोन आधी खाली ठेवा. आज एकच प्रश्न घेऊन उभा आहे. चारचौघांत ज्याला हिणवलं, तोच उद्या दुसऱ्याला हिणवायला लागला, तर देवानं बाजू घ्यायची कुणाची? सांगा ना!

ही आपल्या लेस्टरच्या मंडळातली वल्लरी सणस. सोळा वर्षांची. बसस्टॉपवर आईशी मराठीत बोलली, तर वर्गातली पोरं तिच्या आईची नक्कल करायला लागली. "आपल्या देशात जा!" अहो, जन्म इथला, इंग्लंडातला पोरीचा, जाईल कुठं? त्या दिवसापासून तिनं मराठी सोडली. आई "जेवलीस का गं?" म्हणाली, की उत्तर इंग्रजीत! माउली ओट्याकडे तोंड करून डोळे पुसायची.

त्या पोरांना अडवलं कुणी? वर्गातल्या अबेनानं — घानाहून आलेल्या आईबापांची लेक. "तिच्या आईला हसाल, तर गाठ माझ्याशी!" आपल्यातलं कुणी गेलं होतं मध्ये? जाऊ द्या, बोलायला लावू नका.

मागच्या गणपतीत वल्लरी तिला इथं घेऊन आली. महिनाभर घोकून अबेनानं आख्खी आरती पाठ केली होती! तुमचं दुसऱ्या कडव्यापासून नुसतं तोंड हलतं — हसताय काय? तुम्हालाच म्हणतोय!

आरती झाली, ताट फिरायला लागलं. वल्लरीनं ज्योतीवरून हात फिरवून डोळ्यांना लावले. शेजारी अबेनानं हात पुढे केले — आणि ताट तिला टाळून पुढे गेलं! मागून एक काकू म्हणाल्या, "ही काळी कशाला आणलीस गं?" मराठीत हं! तिला कळणार नाही म्हणून!

अबेनाचे हात तसेच राहिले. "काय म्हणाल्या त्या?" तिनं विचारलं. वल्लरीनं ओळखलं. बसस्टॉपवर ऐकलेलं तेच हे. पण आज भाषा तिच्या आईची होती! लाजेनं मेली हो पोर. मग उठली, आणि वर्षभरानं पहिल्यांदा मराठीत ओरडली, "बुवा, मागं फिरा! माझ्या आईसाठी ती भांडलीय!"

माना काय वळवताय? बुवा कोण म्हणून? इकडे बघा! ते ताट माझ्याच हातात होतं, आणि मी मागं फिरलो नाही. अभंगाला टाळ धरणाऱ्या या हातात!

आता आरती. अबेना दारापाशी बसलीय, सुरुवात तिथून. आणि त्या काकू — दुसऱ्या ओळीतल्या — उठा. ताट तुम्ही धरायचं. चला, मी येतो बरोबर.