माती कोणी लोटायची

जनावरांच्या दवाखान्यात, औषधाच्या खिडकीपाशी दोघी बहिणी बसल्या होत्या. मोठीच्या मांडीवर टोपली, टोपलीत मांजराचं पिल्लू.

"ताई, भाऊजी गाडी लावून आले की लगेच सांग, डॉक्टर काय म्हणाले ते."

"कशाला?"

"कशाला काय! शी केल्यावर ट्रेमधली माती कशी लोटायची, हे भाऊजींनी त्याला स्वतः उकरून दाखवलं. आता ते शी करतं आणि यांची वाट बघत बसतं."

"नुसतं बसत नाही, हाका मारतं. मग हे पेपर टाकून धावतात."

"म्हणूनच डॉक्टर म्हणाले ना, तुम्ही लोटू नका. दोन दिवसांत आपोआप शिकेल."

"हळू बोल. अगं, या माणसाने आजवर स्वतःचा चहाचा कप उचलला नाही. आता ट्रे धुतो, उन्हात ठेवतो, सांडलेली माती झाडतो. परवा मला विचारलं, आपल्याकडे केरसुणी कुठे असते?"

"काय सांगतेस!"

"तुझी शप्पथ. आणि तू म्हणतेस दोन दिवसांत शिकू दे."

"आले बघ."

गाडीची किल्ली फिरवत एक गृहस्थ येऊन उभे राहिले.

"काय म्हणाले डॉक्टर? लागेल ना वळण?"

"लागेल, पण वेळ लागेल म्हणाले. तुम्हीच दाखवत राहायचं."

"वाटलंच मला. माझं बघितल्याशिवाय त्याला जमतच नाही."

"आणि भाऊजी, ताई एक सांगायचं विसरली. भांडी घासतानाही त्याला समोर बसवा म्हणाले."