टायरची आतली कड

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरचे सन्माननीय पाहुणे, आजचे सत्कारमूर्ती आपले हवाकाका, काकू, आणि क्लबच्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

मला पाच मिनिटं दिली आहेत आणि विषय दिलाय ‘आठवणी’. मी एकच सांगणार आहे. आठ वर्षांत ती कुणाला सांगितलेली नाही. कागद बाजूला ठेवते.

घरची मंडळीही आली आहेत, म्हणून थोडक्यात सांगते. आमचा ऑटोक्रॉस म्हणजे मोकळ्या मैदानात शंकू मांडून वळणावळणाची वाट आखायची आणि एका वेळी एकाच गाडीनं घड्याळाशी झुंजायचं. मी औषधांचं दुकान चालवणारी बाई. बेचाळिसाव्या वर्षी इथे आले, तोवर घर ते दुकान एवढीच माझी धाव! माझ्यासारख्या नवख्यांच्या शेजारी बसून शिकवायचं काम काकांचं, आणि फेरीआधी सगळ्यांचे टायर तपासायचं कामही त्यांचंच, म्हणून तर ते हवाकाका.

आठ वर्षांपूर्वीच्या एका रविवारी सकाळी मला उशीर झाला. मागे अकरा गाड्या खोळंबलेल्या. काकांनी हवा मोजली, बाहेरची कड पाहिली आणि विचारलं, “स्टिअरिंग पूर्ण वळवून आतली कड पाहिलीस?”

“हो काका.”

“हात फिरवलास?”

“हो म्हटलं ना!”

पाहिली नव्हती. वाकायचा कंटाळा, दुसरं काय? काका पट्टा लावून शेजारी बसले.

पहिली दोन वळणं सुरेख गेली. तिसऱ्या, डावीकडच्या वळणावर पुढचा उजवा टायर फुटला. स्टिअरिंगला हिसका बसला आणि गाडी वळेचना. समोर वेळ नोंदायचं टेबल. तिथे कोण होतं ठाऊक आहे? आज सूत्रसंचालन करताहेत त्या आपल्या शिक्षिकाबाई. मान खाली घालून आकडे लिहीत होत्या.

मी जीव खाऊन डावीकडे ओढत होते. पाय ब्रेककडे निघालेला.

“ब्रेक नको,” काका म्हणाले. ओरडले नाहीत हो, दुकानात कुणी गोळी मागावी तसे म्हणाले. “ओढू नको. उजवीकडे सोड, तिकडे मोकळं आहे. बाईंकडे बघू नको, मोकळ्या जागेकडे बघ. हं, आता ब्रेक दाब. हळू. अजून हळू.”

टेबलाचा कोपरा उडाला, कागद उडाले. बाई हातभर अंतरावर उभ्या होत्या, पेन हातात तसंच.

सगळे धावत आले. फुटलेल्या टायरची आतली कड झिजून तारा बाहेर आलेल्या. समितीनं विचारलं, “तपासणी कुणी केली?” मी तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं. पण काका आधी बोलले, “मी. माझ्या नजरेतून सुटलं.”

त्यांचं तपासणीचं काम वर्षभरासाठी काढून घेतलं. पंचवीस वर्षं ते काम करणारा माणूस दर रविवारी आला आणि उन्हात शंकू मांडत राहिला. त्याच वर्षी नवोदितांचा चषक मला मिळाला. तुम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्यात. काकांनीही.

आठवड्यानं काका दुकानात आले. “पाहिली नव्हतीस ना?”

“नाही.”

“मीही वाकून बघायला हवं होतं. तपासनीस मी होतो.”

“मी सांगते सगळ्यांना.”

“ते तुझं तू ठरव,” म्हणाले, आणि खोकल्याचं औषध घेऊन गेले. त्यानंतर कधी विषयही काढला नाही. मी काय ठरवलं, ते तुम्ही बघताच आहात. आठ वर्षं गप्प बसले.

काका, तुम्ही मान हलवताय ते दिसतंय मला. नका हलवू. अध्यक्ष महोदय, त्या वर्षीच्या इतिवृत्तात ‘तपासनीसाचा निष्काळजीपणा’ असं लिहिलेलं आहे. ते आज दुरुस्त करून घ्या, माझं नाव घालून. बाई, तुमची माफी सगळ्यांदेखत मागते. रागवायचं तर खुशाल रागवा.

संयोजकांनी बोलायची संधी दिली, त्यांचे मनापासून आभार. वेळ उलटून गेली. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल, तर पदरात घ्या. न बोलण्यात जे झालं, ते पदरात घ्या असं मात्र मी म्हणणार नाही.